अर्थिंग

वायरमनच्या घरातच दिवे लागत नाहीत, असं लोक थट्टेनं म्हणतात. दिव्याखाली अंधार, दुसरं काय! पण रांगेतल्या शेवटच्या घरातला वायरमन ह्याला अपवाद होता. त्याच्या घरात एक वायर लोंबताना दिसायची नाही, एक खटका सैल नव्हता, आणि त्याचं निम्मं श्रेय बायकोचं होतं. ती शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस होती. जन्मभर बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या, तीच सवय घरी आली. बोर्डावरच्या प्रत्येक खटक्याखाली तिच्या टपोऱ्या अक्षरातली चिठ्ठी होती: पंखा, मोरी, मागचा दिवा. रांगेत तिला सगळे लॅबबाई म्हणायचे आणि त्याला नुसतं वायरमन. दोघांची खरी नावं वीजबिलावर तेवढी उरली होती.

दोघांची एक रीत होती. घरात काही दुरुस्ती निघाली की तो बाहेर मीटरपाशी शिडीवर चढायचा आणि ती आत खटक्यापाशी उभी राहायची. तो बाहेरून हाक द्यायचा, "लाइट आली का?" आणि तिनं आतून "आली" म्हटलं की मगच खाली उतरायचा. नव्या लग्नात एकदा तिनं गंमत म्हणून उत्तरच दिलं नाही, तर हा गडी भर उन्हात शिडीवर उभाच. शेवटी तिलाच दया आली. "उतरायचं ना मग," ती म्हणाली. "असा कसा उतरू?" तो घाम पुसत म्हणाला. "थोरल्या मेस्त्रींची शिकवण आहे. आतून जबाब आल्याशिवाय जागा सोडायची नाही."

काम करताना तो शीळ घालायचा. चाल एकच, आणि तीही अर्धी. मध्यावर आली की परत पहिल्यापासून. "पुढची येत नाही वाटतं?" असं तिनं विचारलं की म्हणायचा, "येते की. पण पूर्ण वाजवली की काम संपल्यासारखं वाटतं." ह्या अर्ध्या शिळेनं तिचं डोकं उठायचं. आयुष्यभर उठत आलं होतं.

मग तिची फुफ्फुसं वाळायला लागली. डॉक्टरांनी हाच शब्द वापरला. घरात ऑक्सिजनचं मशीन आलं, कपाटाच्या अर्ध्या उंचीचं, दिवसरात्र घरघरणारं. त्याची पारदर्शक नळी तिच्या नाकाला, आणि नळी पोचेल तेवढंच तिचं जग: पलंग, ओटा, मोरी आणि मागच्या दाराचा उंबरा. उंबऱ्यापलीकडे अंगण होतं, ते आता नुसतं बघायचं. "दावणीला बांधलंय मला," ती हसत म्हणायची. तो हसायचा नाही.

रांगेच्या मागं पत्रे कापायचा कारखाना होता. दुपारी तिथली मोठी यंत्रं एकदम थांबली की सगळ्या रांगेतली वीज उसळी मारायची. आधी बल्ब पिवळा पडायचा, दोन श्वासांपुरता, मग असा पांढरा फटक व्हायचा की डोळे मिटावे लागत. पंखा किंचाळायचा. कुठल्या तरी घरातून फट्ट असा आवाज यायचा आणि जळक्याचा वास सुटायचा. कोणाचा फ्रिज गेला, कोणाचा टीव्ही. शेजारची शिवणवाली एकटी बाई, तिच्या शिलाई मशीनची मोटर जळाली तेव्हा ती ओट्यावर बसून ढसाढसा रडली. वीज कंपनीचा माणूस आला, मीटर लावून बघितलं, "रीडिंग तर बरोबर आहे," म्हणाला आणि पाणी पिऊन गेला. लोकांनी हात टेकले.

एका दुपारी ऑक्सिजनचं मशीन जळालं.

वायरमन घरात होता म्हणून ती वाचली. कोपऱ्यात भरलेलं सिलिंडर होतं. पण ज्या हातांनी जन्मभर जिवंत तारा हाताळल्या, त्या हातांना सिलिंडरची चावी लवकर फिरवता येईना. तिचे ओठ निळे पडले, नखं निळी पडली. दवाखान्यातून परत आणलं तेव्हा डॉक्टर त्याला बाजूला घेऊन म्हणाले, पुन्हा असा खंड पडला तर फुफ्फुसं सावरणार नाहीत. सिलिंडर फार तर एक दुपार निभावेल. नवं मशीन आलं. जोडून झाल्यावर तिच्या पायाशी बसून म्हणाला, "परत नाही होऊ द्यायचो."

दुसऱ्याच दिवशी त्यानं मीटरजवळ एक पेटी बसवली. पेटीला बोटाच्या नखाएवढी खिडकी होती आणि खिडकीत हिरवा रंग. "ह्यात एक चकती असते," त्यानं तिला समजावलं. "वीज उसळली की ती सगळी उसळी चकती अंगावर घेते आणि ह्या हिरव्या वायरीतून जमिनीत सोडते. आपलं मशीन शाबूत. जास्तच झालं तर चकती मरते आणि खिडकी लाल होते. मग चकती बदलायची."

"म्हणजे कोणीतरी मरायचंच," ती म्हणाली.

"चकतीला काय जीव असतो का गं?"

पण पेटी किती का चांगली असेना, जमीन नीट घेणारी हवी. आडातच नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार, तसं उलट: खाली जागाच नसेल तर वरचं जाणार कुठं? अंगणात मोरीच्या भिंतीलगत त्यानं खड्डा घेतला. कमरेएवढं खणलं आणि पहार खणकन वाजली. खाली अखंड खडक. त्यानं त्यातच तांब्याची प्लेट ठेवली, कोळसा आणि मीठ भरलं, पाणी ओतलं, मीटर लावला. अर्थिंग काही केल्या धरेना. दोन दिवस तो त्या खड्ड्याशी झुंजत होता आणि ती उंबऱ्यात बसून, नळी ताणून, बघत होती.

तिसऱ्या दिवशी त्यानं हातातलं कडं काढलं. तांब्याचं जाड कडं, लहानपणी आईनं घातलेलं, मनगट वाढेल तसं वाकवून मोठं केलेलं. साबण लावून, कातडी सोलून काढलं.

"हे काय आता?" ती म्हणाली.

"थोरले मेस्त्री म्हणायचे, अर्थिंगला आपलं अंगावरचं काहीतरी द्यावं. म्हणजे ती आपल्याला ओळखते."

"आणि तुम्हाला पटतं हे?"

"पटत नाही. आजवर कधी दिलं नाही." तो ओशाळून हसला. "पण तांबं तर तांबं. तेवढीच प्लेट मोठी होईल. नाहीतर ठेवून काय करायचंय?"

त्यानं कडं प्लेटवर ठेवलं आणि माती लोटली. मीटर लावला. काटा हलला, हळूहळू मागं आला आणि शून्यावर टेकला. त्यानं मीटर हलवून बघितला, दुसरा आणला. दुसऱ्याचाही काटा शून्यावर.

"इतकी चांगली अर्थिंग नसतेच," ती म्हणाली. "मीटर बिघडलेत तुमचे."

"दोन्ही?" त्याचा चेहरा लहान पोरासारखा खुलला होता. मशीन आल्यापासून ती त्याला पहिल्यांदाच असा बघत होती, म्हणून पुढं काही बोलली नाही. पुढं हेच न बोलणं तिला फार लागलं.

त्यानंतरच्या पहिल्याच उसळीला रांगेतल्या अर्ध्या घरांचे बल्ब फुटले. शिवणवालीची इस्त्री गेली. वायरमनच्या घरात बल्ब पिवळा पडला, पांढरा झाला आणि परत होता तसा झाला. मशीन घरघरत राहिलं. तो धावत बाहेर जाऊन खिडकी बघून आला. "हिरवी," तो म्हणाला. "चकतीला ओरखडासुद्धा नाही. सगळं खाली गेलं." रांगेत त्याचं नाव झालं. प्रत्येकाला तशी पेटी हवी होती आणि त्यानं बसवूनही दिल्या, पण बाकीच्यांच्या खिडक्या एक-दोन उसळ्यांत लाल होत. ह्याची तेवढी हिरवीगार.

घरात काहीतरी चुकल्यासारखं होतंय हे तिला जाणवत होतं, पण काय ते कळेना. गिरणीशेजारी राहणाऱ्याला गिरणी बंद पडल्यावर वाटावं तसं. मग एका सकाळी तो पंखा खोलून बसला असताना तिच्या लक्षात आलं.

"अहो, शीळ कुठं गेली?"

"कसली शीळ?"

"कसली म्हणजे? तुमची. ती अर्धवट."

त्यानं ओठांचा चंबू केला. नुसती हवा आली. परत केला, परत हवा. "मी कधी शीळ घालायचो?" त्यानं विचारलं, आणि तो थट्टा करत नव्हता.

वय झालं, माणूस विसरतो, असं तिनं स्वतःला सांगितलं. पण पुढच्या उसळीनंतर तो बाजारातून आला तो सरळ शिवणवालीच्या घरात शिरला आणि पिशवी ओट्यावर ठेवून हातपाय धुवायला लागला. "भाऊ, घर चुकलात," ती हसून म्हणाली. हात धरून त्याला आणून सोडताना मात्र हसत नव्हती. तो दारात उभा राहून आपल्याच भिंती पाहुण्यासारखा न्याहाळत होता.

त्याच्या पुढच्या उसळीनंतर संध्याकाळी लेकीचा फोन आला. लेक लांबच्या शहरात, तिसऱ्या मजल्यावर राहायची. आईला हलवायला डॉक्टरांची परवानगी नव्हती म्हणून रोज फोन करायची. वायरमननं फोन उचलला, थोडा वेळ ऐकलं, मग हातानं फोन झाकून बायकोकडं वळून हळूच म्हणाला, "कोणीतरी मुलगी आहे. मला बाबा म्हणतेय. रडतेय बिचारी."

डॉक्टरांनी त्याच्या डोळ्यांत बॅटरी मारली, गुडघ्यावर हातोडी आपटली, आकडे उलटे म्हणायला लावले. आकडे त्यानं धडाधड म्हटले. "वयोमानानं होतं," डॉक्टर म्हणाले आणि गोळ्या दिल्या.

प्रयोगशाळेत आयुष्य गेलेली बाई ती. एकदा घडलं तर योगायोग म्हणावा, पण सारखं घडलं तर कशानंतर घडतं ते बघावं, एवढं तिला शिकलेल्या मास्तरांपेक्षा कमी कळत नव्हतं. मधे कारखाना बराच काळ बंद पडला. त्या काळात वीज एकदाही उसळली नाही आणि तो एकही गोष्ट विसरला नाही. शीळ परत आली नाही, लेक परत आठवली नाही, पण जे उरलं होतं ते जागच्या जागी राहिलं. संध्याकाळी दोघं उंबऱ्यात बसत. तो तिला तिच्याच जुन्या गमती सांगायचा, शिडीची गोष्ट सांगायचा. त्या दिवसांत ती सुखात होती, आणि कारखाना कधीच सुरू होऊ नये असं रोज मनाशी म्हणायची.

एक गोष्ट तेवढी तिला खटकायची. अर्थिंग ओली राहावी म्हणून तो रोज सकाळी खड्ड्यात बादलीभर पाणी ओतायचा. सुरुवातीला ते पाणी वर साचून हळूहळू मुरायचं. आता ओतल्या ओतल्या घळघळत खाली जायचं आणि त्याचा आवाज बराच वेळ येत राहायचा.

कारखाना सुरू झाला.

त्या दुपारी बल्ब पिवळा पडला तेव्हा ती त्याचा हात घट्ट धरून बसली होती. त्याचा काय उपयोग होणार, हे तिला माहीत होतं. बल्ब पांढरा झाला. पंखा किंचाळून शांत झाला. त्याचा हात तिच्या हातात तसाच होता, पण त्यानं तो हलकेच, अवघडून सोडवून घेतला. संध्याकाळी गोळीची वेळ झाली तसा तो रोजच्यासारखा पाणी घेऊन आला.

"घ्या," तो म्हणाला.

तिला वाटलं, थट्टा करतोय. लग्न झाल्यापासून तो तिला अगं-तुगंच करत आला होता.

"घ्या, बाई. वेळ झाली गोळीची."

तिनं गोळी घेतली. पाणी प्यायली. त्यानं पेला परत नेऊन विसळून पालथा ठेवला, मशीनच्या मागचा प्लग चाचपला, जाळी पुसली. ह्यातलं काही तो विसरला नव्हता.

"अहो," तिनं हिय्या करून विचारलं, "हे मशीन कोणासाठी राखता तुम्ही?"

"तुमच्यासाठी."

"आणि मी कोण?"

तो प्रामाणिकपणे विचार करत राहिला. "ते काही मला सांगता यायचं नाही," तो म्हणाला. "पण मशीन बंद पडू द्यायचं नाही, एवढं पक्कं माहीत आहे."

त्या रात्री ती भिंतीकडं तोंड करून रडली. रडायलाही श्वास लागतो, आणि तोही मशीनच पुरवत होतं, ह्याचीच तिला शिसारी आली.

सकाळी तिनं त्याला खड्ड्यातलं कडं काढायला सांगितलं. "कसलं कडं?" तो म्हणाला. मनगटावर फिकट पट्टा होता, तो त्यानं खाजवला. मग ही अर्थिंग मोडा, दुसरीकडं नवी करा म्हणाली, तर तो चक्क रागावला. "इतकी चांगली अर्थिंग कोणी मोडतं का? घरात आजारी माणूस आहे."

तो सामान आणायला गेला तेव्हा तिनं शिवणवालीला हाक मारली. सगळं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर शेजारणीनं तिलाच डॉक्टरकडं नेलं असतं. "माझ्या सासूबाईंनी घातलेलं कडं आहे त्यात," एवढंच म्हणाली. "कमरेएवढाच खड्डा आहे, खाली खडक. माती भुसभुशीत असेल." शिवणवालीनं खुरपं आणि पहार घेतली. लॅबबाई उंबऱ्यात, नळीच्या टोकाला, उभी राहिली.

माती निघाली, मीठ निघालं, कोळसा निघाला. तांब्याची प्लेट निघाली, लखलखीत, आत्ताच घासून ठेवल्यासारखी. कडं नव्हतं.

"खाली सरकलं असेल," लॅबबाई म्हणाली.

"ताई, खाली खडक होता म्हणालात ना?"

"अखंड."

शिवणवालीनं पहार सोडली. पहार मुठीपर्यंत आत गेली. तिनं ओढून काढली, बाजूचा एक दगड उचलून भोकात टाकला आणि कान देऊन बसली. बराच वेळ बसली. मग मान वर करून म्हणाली, "भाऊ आले वाटतं."

"नाही. का?"

"शीळ ऐकू येतेय ना."

लॅबबाईला मशीनच्या घरघरीपुढं काही ऐकू येत नव्हतं. नळी ताणून ती उंबऱ्यात गुडघ्यांवर बसली आणि शक्य तेवढी पुढं झुकली. मग तिलाही ऐकू आली. ती चाल मध्यावर आली आणि तिथं थांबली नाही. पुढं गेली. जो भाग तिनं आयुष्यात कधी ऐकला नव्हता, तो सावकाश, शेवटपर्यंत वाजला.

शिवणवालीनं घाईघाईनं सगळी माती आत ढकलली. जाताना ती अंगणातून गेली नाही, घरातून पुढच्या दारानं गेली, आणि त्यानंतर कितीही हाका मारल्या तरी अंगणात आली नाही.

लॅबबाईनं मग फार विचार केला नाही. विचार करायला दोनच गोष्टी होत्या आणि त्यातली एक तीच होती. अजून त्याच्यात काय उरलंय ते तिनं मोजून बघितलं. चालता-बोलता माणूस होता, स्वतःच्या हातानं जेवत होता, कामाचा हात शाबूत होता. एवढा तरी लेकीच्या पदरात पडावा. लेक त्याला घेऊन जाईल, तो तिला ओळखणार नाही, पण तिच्या घरातले खटके दुरुस्त करेल. ह्यापुढची एक उसळी मात्र त्याच्यात आता मावणार नाही, असं तिला वाटलं. सिलिंडर कोपऱ्यात होतं. एक दुपार निभावलं असतं. त्याच्या पुढचं तिनं मनातून पुसून टाकलं. तिनं लेकीला फोन केला, उद्याच ये म्हणाली. आवाज नेहमीसारखा ठेवला.

दुपारी तो अंगणात खाटेवर पडला होता. तिनं त्याच्या पिशवीतून पक्कड काढली. हिरवी वायर मागच्या दाराच्या चौकटीवरून ताठ खाली उतरत होती, हाताशीच. तिच्या हातात जोर राहिला नव्हता. पक्कड दोन्ही हातांनी दाबावी लागली. वायर तुटली तशी तिची दोन्ही टोकं ताण सुटून झटक्यानं मागं सरली आणि मधे वावभर, दोन्ही हात पसरल्याएवढी, जागा पडली. पक्कड तिच्या हातून फरशीवर पडली.

त्या आवाजानं तो उठला.

त्यानं तुटलेली वायर बघितली. तिच्याकडं बघितलं नाही. तोंडानं चक् चक् करत, एखाद्या शिकाऊ पोरानं घाण केल्यावर करावं तसं, तो जवळ आला. "ह्याला जोड लागणार," तो स्वतःशीच म्हणाला आणि पिशवीकडं वळला.

आतला बल्ब पिवळा पडला.

तोही थांबला. त्यानं बल्बकडं बघितलं, पिशवीकडं बघितलं. पिशवी खोलीच्या पलीकडच्या कोपऱ्यात होती. दोन श्वासांचा वेळ, हे तिच्याइतकंच त्यालाही माहीत होतं.

"नको," ती म्हणाली. तिला ओरडायचं होतं. ओरडण्याएवढी हवा नळीत नव्हती.

त्यानं वरचं टोक डाव्या हातात घेतलं. दातानं हिरवं साल ओढून थुंकलं. खालचं टोक उजव्या हातात घेतलं.

"सोडा ते. अहो, सोडा."

"बाई, तुम्ही आत बसा," तो म्हणाला. "काही होत नाही."

बल्ब पांढरा झाला.

किंचाळलं काही नाही. पंखासुद्धा नाही. रांगेत कुठं फट्ट झालं नाही, कोणाची वस्तू जळाली नाही. तो दारात दोन्ही हात पसरून उभा होता आणि त्याच्या अंगावरून काही गेलंय असं दिसतही नव्हतं. मग बल्ब होता तसा झाला. त्यानं टोकं सोडली, तळहात बघितले. तळहात स्वच्छ होते.

मशीन घरघरत होतं.

ती भिंत धरून पलंगापर्यंत आली. तोही मागोमाग आत आला. वाट बघायला सांगितलेला माणूस बसतो तसा तो खुर्चीच्या कडेवर बसला, गुडघ्यांवर हात ठेवून. बराच वेळ त्यानं बोर्डावरच्या चिठ्ठ्या वाचल्या. पंखा. मोरी. मागचा दिवा. ओठ हलत होते, पण वाचलेलं कुठं पोचतंय असं वाटत नव्हतं. त्याच्या चेहऱ्यावर दुःख नव्हतं, काळजी नव्हती. तिनं त्याच्याकडं बघायचं सोडून दिलं.

ऊन उतरलं. मशीनची घरघर तेवढी चालू होती.

मग अंगणातून, मोरीच्या भिंतीच्या पायथ्यातून, लांबून आल्यासारखी हाक आली. शिडीवरून द्यावी तशी, मोकळ्या गळ्याची.

"लाइट आली का?"

तिनं डोळे मिटले. छातीत होती तेवढी हवा गोळा केली, ती उंबऱ्यापर्यंतसुद्धा पोचली नसती.

"लाइट आली का गं?"

खुर्चीवरचा माणूस चुळबुळला. पुढं वाकून, दुसऱ्याच्या घरात बोलावं तसा आवाज खाली आणून तो म्हणाला,

"बाहेर कोणीतरी विचारतंय. तुमच्या घरचे असतील."